कीटककुलांचा परिचय : प्रस्तावना

अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘सायन्स ऑलिंपियाड’ या नावाची जी सांघिक स्पर्धा दरवर्षी भरते, आणि जिचा पहिला राष्ट्रीय मेळावा १९८५ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात पार पडला, तिच्या अनेक विषयांत एक विषय निसर्गातील नमुने ओळखण्याचा असतो. काही वर्षे वृक्ष, काही वर्षे पक्षी, पुढे सरीसृप आणि उभयचर अशी ही पाळी फिरत राहते. आणि ती कीटकांवर आली म्हणजे पंधरा मुलांच्या संघातून निवडलेल्या दोघांनी जोडीने एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जात, कोठे टाचणीला टोचलेला वाळका किडा, कोठे एखादे छायाचित्र, तर कोठे काचेच्या नळीत मद्यार्कात ठेवलेली अळी पाहून, त्या जीवाचा गण कोणता, कुल कोणते, तो खातो काय, वाढतो कसा, आणि मनुष्याच्या शेतीला व आरोग्याला त्याचा उपद्रव आहे की उपकार, हे अवघ्या काही मिनिटांत कागदावर उतरवावयाचे असते. वेळ संपल्याची खूण झाली की जागा सोडावयाची. सोबत स्वहस्ते तयार केलेल्या टिपणांची फाइल बाळगण्याची मुभा असते. परंतु ज्याला आधीच अर्धे उत्तर ठाऊक आहे त्यालाच ती फाइल वेळेवर उघडता येते, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याचा सगळा वेळ पाने चाळण्यात जातो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही अशा स्पर्धांत उतरतात. आणि पोरगे शे-दीडशे लॅटिन नावांची यादी हातात घेऊन जेवणाच्या टेबलाशी येते तेव्हा, ज्यांनी आयुष्यात झुरळ, डास आणि ढेकूण यांपलीकडे कीटकसृष्टीशी संबंध ठेवलेला नाही अशा सुविद्य आईबापांची तारांबळ उडते. त्यांच्या सोयीसाठी, आणि त्याहून अधिक म्हणजे, समोर कोणतीही स्पर्धा नसताना निव्वळ कुतूहलापोटी या विषयाच्या वाटेस जाऊ इच्छिणाऱ्या इकडच्या विद्यार्थ्यासाठी, पुढील पृष्ठे लिहिली आहेत. स्पर्धेचे नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, म्हणून त्यांचा तपशील येथे दिलेला नाही. तो मूळ नियमावलीतच पाहावा. येथे विचार करावयाचा आहे तो एकाच प्रश्नाचा : किडा समोर आला असता नजर प्रथम कोठे टाकावी? माझ्या मते कीटक ओळखण्याची विद्या जवळजवळ सगळी या प्रश्नाच्या उत्तरात साठविलेली आहे. बाकीचा भाग पाठांतराचा, आणि पाठांतर मुले आपले आपण करतात.

प्रथम, कुलच का? आजवर ज्यांना शास्त्रीय नावे मिळाली अशा कीटकजातींची संख्या सुमारे दहा लाख भरते, आणि त्यांपैकी साडेतीन-चार लाख एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. जात ओळखावयाची म्हटले, तर एकेका गटावर आयुष्य वेचलेला पंडितही नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन विच्छेदिल्याखेरीज पुष्कळदा निर्णय देत नाही. उलट गण सांगून थांबावे, तर सांगण्यासारखे काहीच हाती लागत नाही, कारण ‘हा भुंगेरा आहे’ या विधानात शेणात राहणारा, पाण्यात पोहणारा, लाकूड पोखरणारा आणि अंधारात चमकणारा असे सगळेच येतात. जुन्या मुलकी कारभाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर गण म्हणजे सुभा आणि जात म्हणजे मौजा : सुभ्याच्या नावावरून ठावठिकाणा लागत नाही, आणि मुलखातले सारे मौजे मुखोद्गत असलेला कारकून अद्याप जन्मास यावयाचा आहे, परगण्याचे नाव मात्र असे की ते एकदा कळले म्हणजे तेथली जमीन, पीक, पाणी आणि वहिवाट यांचा अंदाज दफ्तर न सोडताही बांधता येतो. कुल ही नेमकी त्या मापाची पायरी होय. शास्त्राची वाट न पाहता आमच्या शेतकऱ्यानेही पुष्कळशी वाटणी याच पायरीवर केलेली आहे. तो ज्यांना मावा म्हणतो ते बहुतेक सारे अ‍ॅफिडिडी कुलातले असतात, ज्यांना तुडतुडे म्हणतो ते सिकाडेलिडी कुलातले, आणि धान्यात शिरणारे सोंडकिडे करक्युलिओनिडी या अवाढव्य कुलातले.

शास्त्राला मात्र ही पायरी सापडण्यास वेळ लागला. लिनिअसने १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे गण पाडले ते मुख्यतः पंखांवरून, आणि गणाखाली एकदम प्रजाती. मध्ये काही नाही. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने पंख सोडून मुखांगे धरली, आणि १७७५ पासून पुढे जे वर्गीकरण मांडले ते सारे तोंडाच्या रचनेवर. दोघांचीही नजर तीक्ष्ण होती, पण ती एकाच अवयवावर खिळलेली होती. पंख, तोंड, शृंगिका, पाय यांचा एकत्र विचार करून प्रजातींचे स्वाभाविक समूह बांधण्याचे, म्हणजेच कुले पाडण्याचे, काम केले ते फ्रान्सच्या प्येर-आंद्रे लात्रेय याने, आणि त्याच्या हातून ते झाले हा एका किड्याचा उपकार आहे.

लात्रेय धर्मोपदेशक होता. राज्यक्रांतीच्या काळात पाद्र्यांवर जी निष्ठेची शपथ सक्तीची करण्यात आली ती त्याने घेतली नाही, म्हणून त्यास बोर्दो येथील तुरुंगात टाकण्यात आले. कैद्यांची तपासणी करणाऱ्या वैद्यास हा मनुष्य कोठडीच्या जमिनीवरील एक लहानसा भुंगेरा अत्यंत एकाग्रतेने न्याहाळताना दिसला. विचारता, हा किडा दुर्मिळ आहे, असे उत्तर मिळाले. वैद्याने तो किडा बोरी द सँ-व्हँसाँ नावाच्या एका कोवळ्या वयाच्या मुलाकडे पोचविला. मुलाला कीटकांचा नाद होता, लात्रेयचे नाव त्याच्या कानांवर होते, आणि त्याने व त्याच्या ओळखीच्या मंडळींनी खटपट करून कैद्याची सुटका करविली; मागे राहिलेले बहुतेक सोबती त्यानंतर जगले नाहीत, असे सांगतात. सुटकेनंतर १७९६ मध्ये लात्रेयने कीटकांच्या प्रजातींची लक्षणे सांगणारा जो छोटेखानी ग्रंथ छापला त्यात प्रथमच कुले दिसतात. त्या वेळी त्यांना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. नावे पुढे काही वर्षांनी आली. तो भुंगेरा म्हणजे क्लेरिडी कुलातील नेक्रोबिया रुफिकॉलिस : जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा, निळ्या धातूसारख्या चकाकत्या पाठीचा, तांबड्या खांद्यांचा, वाळलेले मांस, हाडे आणि कातडी यांवर आढळणारा. लात्रेयच्या पॅरिसमधील समाधीवर तो कोरलेला आहे. बोरी त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा होता, म्हणजे हल्ली या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्याच वयाचा, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्पर्धेची तयारी करणारी मुले बहुधा छायाचित्रांचे पत्ते करतात. पुढे चित्र, मागे नाव. या पद्धतीत पहिल्या पंधरवड्यात प्रगती विलक्षण दिसते, आणि मग एकाएकी ती खुंटते. कारण असे की डोळा सर्वांत आधी रंग उचलतो, आणि कीटकांच्या बाबतीत रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. एकाच कुलात शेकडो रंग असतात. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या कुलांत एकच रंग आढळतो. आणि टाचणीवर वाळलेल्या चतुराचा निळा-हिरवा तजेला तर काही दिवसांत तपकिरी होऊन जातो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे उदाहरण घ्या. फुलावर बसलेला पट्टेरी कीटक दिसला की मुले ‘मधमाशी’ असे लिहून मोकळी होतात, आणि परीक्षकही त्याच अपेक्षेने तेथे सिर्फिडी कुलातील माशी मांडून ठेवतो. ही माशी डंख करीत नाही, तिच्याजवळ डंखच नाही. नुसत्या वेषावर ती पक्ष्यांपासून आपला बचाव करते. येथे पट्ट्यांकडे पाहण्यात अर्थ नाही. प्रथम शृंगिका पाहाव्यात : मधमाशीच्या लांब आणि कोपरात मोडल्यासारख्या असतात, या माशीच्या आखूड, आणि बहुधा वर एक बारीक केस असलेल्या. मग पंख मोजावेत. मोजताना सावध राहावयास हवे, कारण मधमाशीचे मागचे पंख पुढच्यांना सूक्ष्म आकड्यांनी अडकविलेले असल्यामुळे चार पंख दोनच वाटतात. माशीला मात्र खरोखरच दोन असतात आणि मागच्या पंखांच्या जागी दांडीच्या टोकावर लहानशी गाठ असलेली संतोलके असतात. एवढ्याने डिप्टेरा हा गण ठरला. आता भिंग घेऊन पंखाच्या मध्यभागी पाहिले, तर खऱ्या शिरांच्या मधून धावणारी एक पुसट रेघ दिसते, जी धड कोठून सुरू होत नाही की कोठे जाऊन मिळत नाही. ही आभासी शीर होय. किरकोळ अपवाद वगळता ती सिर्फिडी कुलाची सहीच म्हणावी. ती दिसली की पाठीवरच्या रंगाची रुजुवात घेण्याचे कारण उरत नाही.

भुंगेऱ्यांच्या बाबतीत नजर प्रथम पायाच्या टोकाकडे न्यावी. पायाचा शेवटचा भाग, ज्याला परिभाषेत गुल्फ म्हणतात, तो लहान लहान खंडांचा बनलेला असतो, आणि त्या खंडांची संख्या पुढच्या, मधल्या व मागच्या पायांत किती, यावर निम्मा निकाल लागतो. जमिनीवर दगडाखाली सापडणारे दोन काळे भुंगेरे पाटीवर ठेवले, दोन्ही सारख्याच आकाराचे, दोन्ही सारखेच तकतकीत, तर त्यांतल्या एकाच्या सर्व पायांत पाच-पाच खंड भरतात आणि दुसऱ्याच्या मागच्या पायांत चारच. पहिला कॅराबिडी कुलातला शिकारी, दुसरा टेनेब्रिओनिडी कुलातला, कुजक्या पाल्यावर आणि पिठावर पोसणारा. पहिल्यास उताणा केला म्हणजे आणखी एक पुरावा मिळतो : त्याच्या मागच्या पायांचे बुंधे इतके मागे सरकलेले असतात की त्यांनी पोटाचा पहिला खंड मधोमध दुभंगून टाकलेला असतो. भुंगेरा उलटा करून पाहण्याची सवय ज्या मुलास लागली, त्याने निम्मी स्पर्धा जिंकली असे मी समजतो. तथापि या मोजणीतही निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. लांब शृंगिकांचे सेरँबिसिडी आणि पाने कुरतडणारे क्रिसोमेलिडी यांच्या पायांत खंड दिसतात चार, असतात पाच; चौथा इतका बारीक, की तो तिसऱ्याच्या दोन पाकळ्यांमध्ये दडून बसतो. लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या कॉक्सिनेलिडी कुलात हाच प्रकार एका खंडाने खाली : दिसतात तीन, असतात चार.

हेमिप्टेरा गणात पहिली नजर तोंडाखाली. चावण्याचे जबडे नसून शोषण्याची सोंड आहे एवढे दिसले की गण ठरतो; ती सोंड आखूड, तीन खंडांची, धनुष्यासारखी वाकलेली आणि तिचे टोक पुढच्या पायांमधील खाचेत टेकलेले असेल, तर ते रेड्युव्हिडी कुल. दक्षिण अमेरिकेत चागस रोग पसरविणारे रक्तशोषक ढेकूण याच कुलातले. तो रोग कार्लोस चागस या ब्राझीलच्या वैद्याने १९०९ मध्ये प्रथम वर्णिला, आणि परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे. पेनसिल्व्हेनियात २०१४ साली प्रथम आढळलेला आणि तेव्हापासून पूर्वेकडील राज्यांत द्राक्षबागांचा काळ ठरलेला जो ठिपकेदार किडा, लायकॉर्मा डेलिकॅट्युला, त्याचे छायाचित्र मांडले असता कित्येक मुले त्यास पतंग समजतात. आणि पसरलेले तांबडे मागचे पंख पाहिले तर त्यांचा दोष फारसा म्हणता येत नाही. परंतु त्या पंखांवर पतंगाचे खवले नाहीत, तोंडाशी सोंड आहे, आणि सर्वांत निर्णायक म्हणजे त्याच्या शृंगिका डोळ्यांच्या मध्ये नसून डोळ्यांच्या खाली, बुडाशी नारिंगी गाठ घेऊन, उगवलेल्या आहेत. हे ठिकाण एकदा पाहिलेला विद्यार्थी फुल्गोरिडी कुल आणि त्याचे आप्त पुन्हा सहसा चुकत नाही.

मेलेल्या नमुन्यापेक्षा जिवंत किडा कधी कधी आपली ओळख अधिक लवकर देतो. डबक्यातले दोन काळे, लंबगोल, गुळगुळीत पाणभुंगेरे काचेच्या भांड्यात सोडावेत आणि स्वस्थ बसून पाहावे. एक पोहताना मागचे दोन्ही पाय एकदम मारतो. दुसरा ते आळीपाळीने हलवितो, पाण्यात चालावे तसा. श्वासासाठी वर येताना पहिला शेपटाकडचा भाग पृष्ठभागाला लावतो आणि पंखांखाली हवा भरून घेतो. दुसरा डोक्याच्या बाजूने वर येतो आणि शृंगिकेने पाण्याचा पापुद्रा फोडून हवा आत ओढतो. पहिला डायटिसिडी कुलातला, जन्माचा शिकारी. दुसरा हायड्रोफिलिडी कुलातला, वयात आल्यावर बहुधा कुजका पालापाचोळा खाऊन राहणारा. दुसऱ्याच्या शृंगिका आखूड व टोकाशी गदेसारख्या असून डोक्याखाली दडलेल्या असतात, आणि ज्या लांब सोट्यांना आपण शृंगिका समजतो ती तोंडाची स्पर्शांगे असतात. पुस्तकात ही वाक्ये वाचून जे दोन दिवसांत विसरले जाते, ते भांड्यापुढे दहा मिनिटे बसल्यावर विसरणे कठीण.

कुल कळले की चरित्र कळते, असे वर म्हटले. याचा सर्वांत गाजलेला दाखला कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांचा आहे. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून बाभळीच्या जातीच्या झाडांबरोबर आलेल्या आयसेरिया पर्चेसी या पांढऱ्या, कापसासारख्या खवलेकिड्याने पुढील वीस वर्षांत तेथील बागा अशा ग्रासल्या, की बागायतदार झाडे उपटून जाळू लागले. सरकारी कीटकतज्ज्ञ रायली याने अल्बर्ट केबेल यास १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियास धाडले. त्याने पाठविलेल्या सुमारे एकशेतीस लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या संततीने वर्ष-दीड वर्षात त्या उपद्रवाचा बंदोबस्त केला. हा रोडोलिया कार्डिनालिस नावाचा तांबडा-काळा भुंगेरा कॉक्सिनेलिडी कुलातला, आणि या कुलाची वहिवाटच मावा व खवलेकिडे खाण्याची. एवढे सांगून मुलांची पाठ थोपटावी, तोच आमच्या वांग्याच्या पानांची चाळण करणारा ठिपकेदार हेनोसेपिलॅक्ना समोर येतो : त्याच कुलातला, तसाच घुमटाकार, आणि पक्का शाकाहारी. कुलाचे नाव म्हणजे अंदाजाचा पाया, शपथपत्र नव्हे. आणि असे अपवाद प्रश्नपत्रिकेत हटकून येतात, कारण ते प्रश्न काढणाऱ्यालाही आवडतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकास येथे एक योग आढळेल. त्याच राज्यात १९१६ मध्ये प्रथम दिसलेला जपानी भुंगेरा, हिरव्या गळ्याचा आणि तांब्याच्या पाठीचा, आज तेथील गुलाबांचा वैरी आहे, आणि त्याच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या हिरवळीखाली मुळे कुरतडतात. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला अशी अळी दाखविली तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘हुमणी’ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे कुलापुरते अगदी बरोबर ठरेल, कारण दोन्ही स्कॅराबिडी. वळिवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेस जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर पाला खाण्यास जमतात. रात्री फांद्या हलवून ते पाडून, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकण्याचा शिरस्ता गावोगाव आहे. त्या वेळी एक भुंगेरा उचलून त्याची शृंगिका पाहावी. टोकाशी पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात, भुंगेऱ्याला सवड दिली तर तो ते पंख्यासारखे उघडतो आणि भ्याला की मिटून घेतो. या कुलाची खूण यापेक्षा स्पष्ट कोणी देऊ शकणार नाही. त्याच पावसाने बाहेर येणारा मखमली तांबडा मृगाचा किडा मात्र या पुस्तकात शोधू नये. त्याचे पाय मोजले की कारण समजेल. ते आठ भरतात, आणि म्हणून तो कोळ्यांचा आप्त आहे.

यादीतील नावांसंबंधी एक अडचण पालकांना हमखास येते, ती ही की जुन्या पुस्तकातले कुल नव्या यादीत सापडत नाही. अमेरिकेतील शाळेत प्रत्येक मुलास ठाऊक असलेले मोनार्क फुलपाखरू, आणि आपल्या रुईवर अळी वाढविणारे त्याचे तांबूस भावंड, पूर्वी डॅनाइडी कुलात असत. आज ते कुल निम्फॅलिडीमध्ये विलीन झाले आहे. या कुलाची खूण म्हणजे पुढचे दोन पाय आक्रसून छातीशी दुमडलेले, त्यामुळे सहा पायांचे फुलपाखरू चार पायांवर उभे राहिल्यासारखे दिसते. कडधान्यातील भुंग्यांचे ब्रुकिडी क्रिसोमेलिडीत गेले. केसाळ अळ्यांच्या आर्क्टिइडी व लिमँट्रिइडी या दोन्ही कुलांची एरेबिडीत रवानगी झाली. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या खवलेकिड्याला मार्गारोडिडीतून काढून मोनोफ्लेबिडीत घातले. आणि वाळवीचा तर अख्खा गणच २००७ नंतर मोडून तिला झुरळांच्या गणात जागा देण्यात आली, ज्याचे नवल स्वयंपाकघरात दोघांशीही झगडणाऱ्या गृहिणीला बहुधा वाटणार नाही. उलट वाघ्या भुंगेऱ्यांना कॅराबिडीत सामील करून घेतल्यावर, हल्ली त्यांना पुन्हा स्वतंत्र कुल मानण्याकडे तज्ज्ञांचा कल झुकतो आहे. हे फेरफार लहरीखातर झालेले नाहीत. वंशावळीचा पुरावा जनुकांतून हाती येऊ लागल्यावर जुन्या नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या, एवढेच. विद्यार्थ्याने त्या त्या वर्षीच्या अधिकृत यादीला प्रमाण मानावे, आणि जुने नाव कंसात लिहून ठेवावे, म्हणजे आजोबांच्या कपाटातल्या ग्रंथाचाही उपयोग होतो. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याचा १९०९ चा ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा ग्रंथ कुलांच्या बाबतीत आज बराच कालबाह्य झालेला आहे. निरीक्षणांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

आता जो प्रश्न मराठी घरात निघाल्यावाचून राहत नाही त्याविषयी : किडे मारावे लागतात काय? संग्रह केल्याखेरीज कुले नीट समजत नाहीत, हे खरे. पण त्यासाठी बाटलीत विष भरून बसण्याची गरज शिकाऊ विद्यार्थ्याला नाही. खिडकीची कड, व्हरांड्यातील दिव्याची तबकडी, मोटारीच्या पुढची जाळी आणि कोळ्याचे टाकून दिलेले जाळे एवढ्या चार ठिकाणी मेलेले कीटक अभ्यासाला पुरेसे मिळतात. ते टोचण्याचा प्रकार मात्र शिकून घ्यावा. भुंगेऱ्याला टाचणी पाठीच्या मधोमध खुपसू नये. उजव्या कवचपंखात, बुडाजवळ, अशी टोचावी की तिचे टोक खाली मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून बाहेर पडेल. माशीला वक्षावर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. याचे कारण, उजवी बाजू बिघडली तरी डावी अभंग राहावी. दोन्ही बाजू मूळच्या एकमेकींची प्रत असतात, त्यामुळे एका बाजूवरून सारे वाचता येते. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव लिहावे. कुलाचे नाव पुढे चुकीचे ठरले तर बदलता येते. गाव आणि तारीख लिहिली नसेल तर ती पुन्हा कोठून आणणार?

पुढील प्रकरणांत गणवार कुले दिली आहेत, आणि प्रत्येक कुलाच्या आरंभी, त्याचे वर्णन करण्यापूर्वी, नजर कोठे टाकावी याची एक ओळ दिली आहे. दोन-दोन पर्यायांतून एकेक निवडत पुढे जावयाच्या ज्या निदानसूची इंग्रजी ग्रंथांत असतात, त्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या. अशा सूचीत पहिला पर्याय निवडतानाच नवशिका अडखळतो, आणि तेथे अडखळला की पुढचा सगळा प्रवास दुसऱ्याच गावी जाऊन संपतो. म्हणून आधी पाच-सहा मोठी कुले प्रत्यक्ष किड्यांवरून ओळखीची करून घ्यावीत, आणि मग सूची हाती धरावी. कोठून आरंभ करावा असे कोणी विचारल्यास माझा सल्ला ट्यूबलाइटचा आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिच्याखाली भिंतीवर जे डासासारखे बारीक किडे बसतात, त्यांतील एक कागदाच्या घडीत अलगद घेऊन भिंगाखाली धरावा. सोंड लांब असून पंखांच्या शिरांवर आणि कडेला खवले असतील तर क्युलिसिडी, अर्थात खरा डास. लांब सोंड नाही, पंखांवर खवले नाहीत, आणि बसल्या जागी पुढचे लांब पाय हवेत उचललेले, असे असेल तर कायरोनोमिडी; हे चावत नाहीत, आणि ज्या घराजवळ तळे वा ओढा आहे तेथे त्यांची संख्या डासांहून पुष्कळदा अधिक भरते. घरातील माणसांस ही गोष्ट सांगितली तरी ती मच्छर मारण्याची बॅट खाली ठेवतील असे नाही; विद्यार्थ्याने आपल्या वहीत नोंद करून पुढचा किडा घ्यावा.